गाता न येणाऱ्यांसाठी लिहिलेली गाणी (ब्रॉडवेची जुनी विनोदी म्युझिकल्स)

तिसरी घंटा

गेले दोन महिने डोक्यात एकच खूळ आहे, साधारण १९४५ ते ६० च्या मधली ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकगल्लीतली, विनोदी म्युझिकल्स. सुरुवात भाच्यामुळे झाली. त्याच्या कॉलेजात तिकडे 'गाईज अँड डॉल्स' बसवतायत आणि साहेबांना नेथन डेट्रॉइटची भूमिका मिळाली. मला फोन, "आत्या, तू संगीत नाटकं बघत वाढलीस ना, मग हे ऐक आणि सांग मला जमेल का." हा मुलगा वाढदिवसाचं गाणंसुद्धा बेसूर म्हणतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी जरा धास्तावूनच १९५० च्या मूळ संचाचं रेकॉर्डिंग लावलं आणि 'सू मी' (कर माझ्यावर खटला) हे गाणं ऐकून खो खो हसत सुटले, कारण मूळ नटालाही गाता येत नव्हतं!

म्हणजे खरंच येत नव्हतं. सॅम लेव्हीन त्याचं नाव. उत्तम विनोदी नट, पण सुराशी वैर. गीतं-संगीत दोन्ही करणारा फ्रँक लेसर, आणि दिग्दर्शक जॉर्ज कॉफमन. भूमिकेला हाच माणूस हवा हे सगळ्यांना पटलेलं, मग गाण्यांचं काय करायचं? तर नाटकातला एवढा मोठा मुख्य पुरुष, पण त्याच्या वाट्याला धड गाणं एकच ठेवलं, तेही द्वंद्वगीत, आणि तेही एका सप्तकात मावेल असं. गंमत म्हणजे 'सू मी' हे शब्द यायच्या आधी 'कॉल अ लॉयर अँड' असे चार शब्द पायऱ्या चढल्यासारखे येतात, ते का, तर त्या शिडीवरून चढून लेव्हीनला पहिला सूर सापडावा म्हणून! ऐकताना वाटतं काय सहज बोलल्यासारखी सुरुवात आहे, आणि प्रत्यक्षात ती आंधळ्याची काठी.

प्रसंग असा की अ‍ॅडलेड नावाची नाइटक्लबातली नाचणारी पोरगी गेली १४ वर्षं या नेथनशी साखरपुडा करून बसलीये. चौदा! रामसुद्धा तेवढ्यात परत आला. ती धावत्या लयीत त्याला झापतेय आणि हा सावकाश, रडक्या सुरात, कर काय करायचं ते, पण माझं तुझ्यावर प्रेम आहे. आता इथे कुणी खणखणीत गळ्याचा गायक उभा केला तर मजाच गेली. तो गायला लागला की आपण त्याचा गळा ऐकणार, त्याची लाचारी नाही ऐकणार.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की त्या काळातली सगळ्यात भारी विनोदी गाणी ही गाता न येणाऱ्या नटांसाठी लिहिली गेलीत, आणि तशी लिहावी लागली म्हणूनच ती भारी झालीत. आपल्याकडे नेमकं उलटं. आपल्याकडे आधी गळा ठरायचा, मग अभिनय जमला तर जमला. म्हणून आपल्या संगीत नाटकात विनोद चालू असतो तेव्हा गाणं थांबलेलं असतं आणि गाणं सुरू झालं की विनोद विंगेत जाऊन चहा पितो. 'संशयकल्लोळ' घ्या, फाल्गुनराव हसवून हसवून मारतो, पण आज लोकांना पाठ काय आहे, तर 'कर हा करी धरिला'. ते आश्विनशेठचं.

या विषयातल्या जाणकारांनी भर घालावी. शिव्या घातल्या तरी चालतील.

८.१२ची लोकल

वाचतोय. मला यातलं शष्प कळत नाही पण आंधळ्याची काठी आवडली. ही म्युझिकल म्हणजे आपलं संगीत नाटकच का? की ऑपेरा?

तिसरी घंटा

ऑपेरा नाही. ऑपेरात जवळजवळ सगळंच गातात, "दार उघड" हेसुद्धा. इथे गद्य संवाद भरपूर, मध्ये गाणी, नाच. त्या अर्थी आपल्या संगीत नाटकाच्या जवळचं, फक्त तान-आलाप नाही, गाणं तीन-चार मिनिटांत आटोपतं आणि आटोपेपर्यंत गोष्ट एक पाऊल पुढे गेलेली असते. निदान चांगल्या नाटकांत.

पेटीवाला

वा! बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा.

सप्तकाचा मुद्दा बरोबर आहे पण जरा अजून नीट सांगतो. अख्खं गाणं एका सप्तकात ठेवणं हे वाटतं तितकं सोपं नाही, चाल रटाळ व्हायची भीती असते, कारण वर जायला जागाच नाही, मग चढाव दाखवायचा कसा? लेसरने तो लयीत दाखवलाय. अ‍ॅडलेडच्या ओळी दाटीवाटीच्या, शब्दावर शब्द, आणि नेथन आला की एकदम ऐसपैस. तिचा पारा आणि त्याचा ढिम्मपणा दोन्ही लयीतच आले, सुरांची गरजच पडली नाही.

याच वेळचा दुसरा गडी म्हणजे आयर्विंग बर्लिन. 'अ‍ॅनी गेट युअर गन', १९४६. याला स्वरलिपी वाचता येत नव्हती आणि पियानो वाजवायचा तो बहुतेक काळ्या पट्ट्यांवर, म्हणजे आपल्या भाषेत साहेब कायम काळी तीनमध्ये! मग बाकीच्या पट्ट्यांचं काय, तर त्याने खास पियानो घेतला होता, खालचा दांडा सरकवला की पट्टी बदलते. स्केल चेंजर पेटी हो आपली! हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली झोपा.

ते नाटक खरं जेरोम कर्न हा संगीतकार करणार होता, पण १९४५ च्या नोव्हेंबरात तो वारला आणि मग बर्लिनला बोलावलं. त्यातलं 'एनीथिंग यू कॅन डू' ऐका, दोघांचं भांडण, तुझ्यापेक्षा मी वरचा सूर लावीन, तुझ्यापेक्षा हळू गाईन, तुझ्यापेक्षा जास्त वेळ सूर धरून ठेवीन आणि बोलता बोलता ते करूनही दाखवतात. म्हणजे गाणं हाच विनोदाचा विषय. इथे मात्र धागाकर्तीच्या म्हणण्याला छेद जातो, कारण यात गाता यावंच लागतं. एथेल मर्मन होती त्यात, अंगावर माइक लावायची पद्धत नव्हती तेव्हा आणि बाईंचा आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीवर आदळायचा म्हणे.

शंकासूर

धागा चांगला आहे पण "आपल्याकडे गाणं सुरू झालं की विनोद विंगेत" हे विधान म्हणजे टाळ्याखाऊ आहे. 'शारदा' विसरलात का बाई? देवलांचंच, १८९९ चं. 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान'. हे काय करुणरसातलं पद आहे? भुजंगनाथाच्या वयाची अशी टर दुसऱ्या कुठल्या भाषेत उडवली असेल मला दाखवा. आणि त्यात "इतुका न" म्हणून आधी बाजू घेतल्यासारखं करायचं आणि लगेच पाऊणशे! हा तुमच्या ब्रॉडवेपेक्षा अर्धशतक आधीचा माल आहे.

दुसरं. गाता न येणं याचं एवढं कौतुक कशाला? नटाला येत नव्हतं म्हणून संगीतकाराने तडजोड केली. तडजोडीला कला म्हणायची पद्धत नवीन आहे.

तिसरी घंटा

शंकासूर, 'शारदा'बद्दल पूर्ण शरणागती. ते पद मी विसरले नव्हते, सोयीस्करपणे बाजूला ठेवलं होतं, पकडलंत. पण एक बघा, ते पद ज्याच्यावर विनोद आहे तो म्हणत नाही, त्याच्याबद्दल दुसरे म्हणतात. फटका बाहेरून येतो. 'गाईज अँड डॉल्स'मध्ये हसू येतं ते स्वतःचं दुःख गाणाऱ्या माणसाचं. 'अ‍ॅडलेड्स लॅमेंट' घ्या. बाई सर्दीने बेजार आहे, हातात वैद्यकाचं जाडजूड पुस्तक, त्यात लिहिलंय की लग्न लांबलेल्या बायकांना मनाच्या ताणामुळे सर्दी होऊ शकते, आणि ती मोठमोठे शब्द अडखळत वाचते, मग थांबून स्वतःच्या भाषेत त्याचा अर्थ लावते, पुन्हा वाचते. मध्ये शिंक. पहिल्यांदा ऐकताना मी हसले. तिसऱ्यांदा ऐकताना घशात काहीतरी अडकलं.

आणि ही भूमिका मुळात नव्हती तशी. व्हिव्हियन ब्लेन नावाची नटी आली होती ती नायिकेच्या, म्हणजे मिशनमधल्या सोज्वळ साराच्या भूमिकेसाठी. ती साराला शोभेना, पण सोडवेना, म्हणून तिच्यासाठी अ‍ॅडलेड तयार झाली. माणूस आधी आणि भूमिका नंतर. तडजोड म्हणा हवं तर. शिंपी गिऱ्हाईकाच्या मापाने कपडा बेततो त्याला आपण तडजोड म्हणत नाही.

शंकासूर

शिंपी आवडला. बाकी मतभेद कायम.

न्यूजर्सीकर

धागा बघून राहवलं नाही. आम्ही नदीपलीकडे राहतो त्यामुळे आईबाबा आले की एक म्युझिकल दाखवायचं असा रिवाज आहे (तिकिटांचे भाव बघून बाबांचा चेहरा बघण्यासारखा होतो, ते डॉलरला गुणून दादरच्या पहिल्या रांगेत वर्षभर बसता येईल असं सांगतात).

२०१८ ला लिंकन सेंटरला 'माय फेअर लेडी' लागलं होतं, बार्टलेट शेर दिग्दर्शक. एलायझा 'जस्ट यू वेट' म्हणायला लागली, हिगिन्स तू थांबच, तुझी कशी जिरवते बघ, आणि दुसऱ्याच ओळीला आई माझ्या कानात जवळजवळ ओरडलीच, "अरे हे तर तुला शिकवीन चांगलाच धडा!" पुढचा म्हातारा वळून बघायला लागला. तोपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं की पुलंची 'ती फुलराणी' बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आहे हे खरं, पण हे स्वगत शॉकडे नाहीच आहे. शॉच्या नाटकात असं काही भाषण नाही. ते 'पिग्मॅलियन'चं 'माय फेअर लेडी' करणाऱ्या लर्नर आणि लो यांच्या गाण्याच्या जागेवर बसतं.

आणि तुमचा रेक्स हॅरिसन, 'माय फेअर लेडी'तला मूळ हिगिन्स, राहिला की! गाता न येणाऱ्यांचा मुकुटमणी. १५ मार्च १९५६ ला न्यूयॉर्कला पडदा उघडला, त्याच्या आधी फेब्रुवारीत न्यू हेवनला चाचणी प्रयोग होता. तालमी सगळ्या पियानोवर झालेल्या, तिथे पहिल्यांदा ३२ जणांचा वाद्यवृंद समोर बसला आणि साहेबांची बोबडी वळली, एवढ्या गलक्यात मला माझा सूर ऐकू येत नाही, मी आज उभा राहत नाही. बाहेर बर्फाचं वादळ आणि तरी लोक यायला लागलेले. शेवटी थिएटरच्या मॅनेजरने दम दिला की मी बाहेर जाऊन खरं कारण सांगतो सगळ्यांना, तेव्हा उभा राहिला आणि प्रयोग तुफान झाला.

तो गातो असं म्हणवत नाही. सुराच्या आसपास बोलतो, मधूनच एखादा शब्द सुरावर टेकवतो आणि निघून जातो. पण प्रोफेसर हिगिन्सला तेच शोभतं, ज्या माणसाला भावना म्हणजे आजार वाटतो तो गळा मोकळा सोडून गाईल कशाला? शेवटच्या 'आय हॅव ग्रोन अ‍ॅकस्टम्ड टू हर फेस'मध्ये तो नाइलाजाने जरा जास्त गायला लागतो, आणि तिथेच कळतं की गडी गेला कामातून.

माईंचा रेडिओ

सर्वांना नमस्कार. मी सहसा फक्त वाचते पण फुलराणीचा विषय निघाला म्हणून लिहिते, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

१९७५ ला नाटक आलं. मी ते दोनेक वर्षांनी शिवाजी मंदिरला पाहिलं, नोकरीला नुकतीच लागले होते आणि ऑफिसातल्या चौघी मिळून गेलो होतो. भक्ती बर्वे मंजुळा आणि सतीश दुभाषी प्रोफेसर. ते स्वगत सुरू झालं तेव्हा थेटरात जे झालं ते मी शब्दात सांगू शकत नाही. बाई एकटी रंगमंचावर, वाद्य नाही, चाल नाही, पण यमकं आणि ठेका असा की पाय आपोआप हलत होता. ते संपल्यावर ज्या टाळ्या पडल्या त्या मी फक्त नाट्यपदाला पडताना ऐकल्या होत्या. एका गृहस्थांनी चक्क वन्स मोअर दिला, स्वगताला!

आता तुमचं वाचून मला वाटतं पुलंनी काय केलं, तर तिकडच्या लोकांनी बोलण्याचं गाणं केलं आणि यांनी त्या गाण्याचं परत बोलणं केलं, पण गाण्याची हाडं आत ठेवली. पुलं स्वतः पेटी वाजवणारे, चाली लावणारे, त्यांना चाल लावता येत नव्हती असं थोडंच आहे. लावली नाही.

आणि भाषेचं म्हणाल तर तिकडे बिचारी ह खाते, आपल्याकडे न आणि ण. ते तर रूपांतर वाटतच नाही, आमच्या शाळेत पाणीऐवजी पानी म्हटलं म्हणून मुलींना बाकावर उभं करायच्या. मी उभी राहिलेली आहे.

तिसरी घंटा

माई, "गाण्याची हाडं आत ठेवली" याला दंडवत. मी एवढा मोठा धागा काढला आणि मुद्दा तुम्ही एका ओळीत सांगितलात.

पेटीवाला

+१ माईंना.

८.१२ची लोकल

माई लिहीत जा हो.

अर्धा कप

रसभंगाबद्दल सॉरी पण कुणीतरी म्हणायला हवं. ही सगळी नाटकं बायकांच्या बाबतीत आज बघवत नाहीत. 'माय फेअर लेडी'त ती शेवटी परत येते आणि हा विचारतो माझ्या सपाता कुठायत. शॉ आयुष्यभर कानीकपाळी ओरडत राहिला की ही दोघं लग्न करत नाहीत, त्याने त्यावर लांबलचक उपसंहार लिहिला, नाटकाचं म्युझिकल करायला तर त्याने जिवंत असेपर्यंत परवानगीच दिली नाही. १९५० ला गेला आणि सहा वर्षांत यांनी केलंच. 'किस मी केट'मध्ये तर शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'चा शेवट आहेच, बाईने नवऱ्यापुढे मान तुकवायची. गाणी गोड आहेत म्हणून गिळायचं का?

न्यूजर्सीकर

अर्धा कप, नाही गिळायचं. मी पाहिलेल्या प्रयोगात संवाद तेच ठेवले पण शेवटी एलायझा त्याच्या गालावरून हात फिरवते आणि रंगमंचावरून खाली उतरून प्रेक्षकांमधून सरळ चालत निघून जाते. सपाता राहिल्या तिथेच. आई म्हणाली बरं झालं.

तिसरी घंटा

अर्धा कप, मान्यच. पण त्याच काळातलं एक उलटं उदाहरण देते, 'वंडरफुल टाउन', १९५३. लेनर्ड बर्नस्टाइनचं संगीत, बेटी कॉम्डन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीनची गीतं, आणि हे सगळं त्यांनी पाचेक आठवड्यांत उभं केलं कारण आधीची गाणी रद्द झाली होती आणि नटीच्या तारखा ठरलेल्या. नटी कोण, तर रोझलिंड रसेल, सिनेमातली मोठी विनोदी नटी, गळा यथातथा. (बघा, पुन्हा तेच!) ओहायोहून दोन बहिणी न्यूयॉर्कला नशीब काढायला येतात, धाकटी सुंदर, मोठी हुशार आणि लेखिका व्हायला निघालेली. मोठीचं गाणं आहे 'वन हंड्रेड ईझी वेज टू लूज अ मॅन', पुरुष हातचा घालवायचे शंभर सोपे उपाय. उपाय काय, तर त्याची बंद पडलेली गाडी आपणच दुरुस्त करायची, त्याचं व्याकरण सुधारायचं. मधला भाग सरळ बोलायचा, एकेक किस्सा, आणि मग त्या ओळीवर सपकन यायचं. सूर तीन-चार, टाइमिंग मात्र अचूक लागतं. हे गाणं मी माझ्या दोन न लग्न झालेल्या मैत्रिणींना पाठवलं आणि दोघींचं उत्तर एकच आलं, उपाय ९८ पर्यंत करून झालेत.

त्यात अजून एक 'कॉन्व्हर्सेशन पीस' म्हणून आहे, पाच माणसं एकत्र बसलीयत आणि कुणाला काही बोलायला सुचत नाही, त्या अवघडलेल्या शांततेचं गाणं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला पार्श्वसंगीत म्हणून लावता येईल.

मांडवीपल्याड

गोव्यातून राम राम. तुमच्या वादात तियात्राचं, म्हणजे आमच्या गाण्यांच्या लोकनाट्याचं, नाव कुणी घेतलं नाही म्हणून आलो. भाषा कोंकणी, पण मंचावर हसवणारं गाणं म्हणाल तर आमच्याकडे त्याची खाणच आहे. पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ ला झाला, तोही गोव्यात नाही, तुमच्या मुंबईत, लुकाझिन रिबेरचा 'इटालियन भुरगो'. तियात्रात नाटकाचे पड्डे (अंक) असतात आणि दोन पड्ड्यांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी, त्यांचा गोष्टीशी काही संबंध असावा असं बंधन नाही. राजकारण, महागाई, सासू-सून, पंचायत, कुणालाही सोडत नाहीत. कोमेडियन स्वतः गातो, गळा असो नसो, आणि शेवटच्या कडव्यात अशी कलाटणी मारतो की लोक पुन्हा गायला लावतात. पडलेल्या आवाजाला लोक नाही म्हणत नाहीत, पडलेल्या शब्दाला म्हणतात.

घंटाताईंच्या हिशोबात हे बसतं का बघा. तुमच्याकडे गाणं गोष्ट पुढे नेतं, आमच्याकडे गाणं गोष्ट बाजूला ठेवून गावाशी बोलतं.

शंकासूर

हा प्रतिसाद सगळ्यात भारी. आता मी शांतपणे वाचतो. (कुणी विश्वास ठेवू नये.)

तिसरी घंटा

मांडवीपल्याड, बसत नाही हिशोबात, आणि मला त्याचा आनंद आहे. तरी 'किस मी केट'मध्ये असं एक गाणं सापडतं, 'ब्रश अप युअर शेक्सपिअर'. दोन गुंड वसुलीसाठी नाटकाच्या थिएटरात घुसलेले, ते शेवटाकडे पडद्यापुढे येतात आणि प्रेक्षकांना सल्ला देतात की पोरी पटवायच्या असतील तर शेक्सपिअर पाठ करा, मग नाटकांच्या नावांवर एकापेक्षा एक भयानक यमकं. गोष्टीशी संबंध शून्य! कोल पोर्टरचं हे, १९४८ डिसेंबरचं नाटक, १०७७ प्रयोग, आणि टोनी पुरस्कारात सर्वोत्कृष्ट म्युझिकल म्हणून पहिला मान याचाच. घोड्यावरून पडून पोर्टरचे दोन्ही पाय १९३७ ला चिरडले होते, त्यानंतर आयुष्यभर शस्त्रक्रिया आणि वेदना, आणि माणूस लिहितोय काय तर ही खट्याळ गाणी. लोकांनी त्याला संपलेला धरला होता या नाटकाच्या आधी.

पेटीवाला

रेकॉर्डचा मुद्दा राहिला. कोलंबिया कंपनीने १९४८ ला एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आणली. त्याआधी ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. आपल्या गंधर्वांचं काय झालं बघा, थेटरात अर्धा अर्धा तास रंगणारं पद तबकडीसाठी तीन मिनिटांत कोंबावं लागलं, आज आपण ऐकतो ते ते कोंबलेलं. ब्रॉडवेला हा त्रास झाला नाही कारण गाणी मुळातच आखूड, आणि नेमकी एलपी आल्यावर एका बाजूला वीसेक मिनिटं म्हणजे अख्ख्या नाटकाची गाणी एका तबकडीत. मग नाटक न बघितलेला माणूससुद्धा कान्सासमध्ये बसून सगळं पाठ म्हणायला लागला. कोलंबियाची मालक सीबीएस, तिने 'माय फेअर लेडी'चा निर्मितीखर्चच उचलला आणि रेकॉर्डचे हक्क घेतले. नाटकाचे प्रयोग झाले २७१७, तेव्हाचा विक्रम, आणि रेकॉर्ड किती खपली ते विचारूच नका.

न्यूजर्सीकर

अवांतर: 'गाईज अँड डॉल्स'च्या १९५५ च्या सिनेमात नेथनचं काम दिलं फ्रँक सिनात्राला. म्हणजे ज्याला गाता येत नाही म्हणून भूमिका आखली त्या भूमिकेत त्या काळचा सगळ्यात मोठा गायक, आणि ज्या स्काय नावाच्या नायकाला खरी गाणी आहेत तिथे मार्लन ब्रँडो, ज्याचे सूर तुकडे तुकडे जोडून गाणं तयार केलं. सिनात्राला हवा होता स्काय. चिडला असणार.

शंकासूर

म्हणजे धागाकर्तीचा सिद्धांत सिनेमाने उलटा करून तपासला आणि तो बरोबर निघाला. सिनात्रा गोड गातो आणि नेथन मरतो. मी पक्ष बदलतोय, नोंद घ्यावी.

तिसरी घंटा

नोंद घेतली, तारीख-वेळेसकट.

८.१२ची लोकल

मंडळी तूनळीवर शोधायला गेलो तर हजार गोष्टी येतात. मला एकच गाणं सांगा. इंग्रजी जेमतेम कळतं, लोकलमध्ये ऐकणार, उभ्याने.

पेटीवाला

मग 'द म्युझिक मॅन', १९५७, मेरेडिथ विल्सनचं. पहिलंच 'रॉक आयलंड'. आगगाडीच्या डब्यात फिरते विक्रेते बसलेत आणि एका लबाड माणसाबद्दल तक्रारी करतायत, जो गावोगाव जाऊन पोरांचा बँड काढून देतो म्हणून वाद्यं आणि गणवेश विकतो आणि स्वतःला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. वाद्य एकही नाही, सूर नाही, यमकसुद्धा नाही, नुसते शब्द आगगाडीच्या ठेक्यावर. गाडी सुटताना हळू, मग वेग, मग पुन्हा ब्रेक. भाषा नाही कळली तरी चालेल.

ते जमलं तर पुढे 'सेव्हंटी सिक्स ट्रॉम्बोन्स' आणि 'गुडनाईट माय समवन' पाठोपाठ ऐक. पहिलं त्या लबाडाचं, बँडच्या कवायतीचं. दुसरं लायब्ररीतल्या मास्तरणीचं, अंगाईसारखं संथ. चाल एकच आहे! सांगितल्याशिवाय शंभरातल्या नव्वदांना कळत नाही. शेवटाकडे दोघं लांब लांब उभे राहून आपापलं गातात आणि मध्येच तो तिचं गायला लागतो, ती त्याचं. प्रेम जमल्याचा संवाद नाही, काही नाही, गाणी बदलली की झालं. त्या लबाडाचं काम रॉबर्ट प्रेस्टनने केलं, सिनेमातला नट, म्युझिकलचा अनुभव शून्य. घंटाताईंच्या यादीत अजून एक.

माईंचा रेडिओ

हे दोन्ही नातवाला लावून दाखवले. त्याने तिसऱ्या मिनिटाला ओळखलं चाल एकच आहे. मला नाही कळलं.

तिसरी घंटा

अपडेट: भाच्याची तालीम व्हिडिओवर बघितली. 'सू मी'त चार पायऱ्या बरोबर चढला आणि पाचवीवर घसरला, तरी अ‍ॅडलेड झालेली मुलगी इतकी खरी रागावली होती की कुणाचं लक्ष गेलं नाही. समूहगीतात त्याला फक्त तोंड हलवायला सांगितलंय.

८.१२ची लोकल

ऐकलं 'रॉक आयलंड'. ठाण्याला गाडी सुटली तेव्हा लावलं, माझी गाडी आणि त्यांची गाडी एकदम निघाली, मग मुंब्र्याच्या अलीकडे आमची सिग्नलला थांबली आणि ते पुढे निघून गेले. परत पहिल्यापासून लावलं. शेजारचा विचारत होता कसलं भांडण ऐकताय.